'हाजिमे नो इप्पो' बघताय? मधले दोन विशेष भाग सोडू नका

बॉक्सिंगवरच्या या जपानी ॲनिमे मालिकेच्या पहिल्या सीझनचे ७५ भाग संपले की बरेच जण थेट २००९ च्या सीझनवर उडी मारतात आणि मग "हे कधी झालं?" म्हणत डोकं खाजवतात. मीही तेच केलं होतं. मधले दोन लांब विशेष भाग (खाली क्र. २ आणि ३) सीझनच्या यादीत दिसत नाहीत, नावाने वेगळे शोधावे लागतात.

क्रम असा लावा:

१. हाजिमे नो इप्पो (२०००-०२)
२. चॅम्पियन रोड (२००३). साधारण दीड तासाचा, मालिकेचा नायक इप्पो विरुद्ध सानादा.
३. माशिबा विरुद्ध किमुरा (२००३). तासाभराचा. घरचं फुलांचं दुकान सांभाळणारा किमुरा विजेतेपदासाठी रिंगमध्ये उतरतो. इप्पो इथे बाजूलाच आहे, तरी मला मालिकेतली ही लढत सगळ्यात जास्त लागली.
४. न्यू चॅलेंजर (२००९), २६ भाग
५. रायझिंग (२०१३-१४), २५ भाग. शेवटी कामोगावा कोचच्या तरुणपणाची गोष्ट येते, ती घाईत उरकू नका.

एक सांभाळा: नावं शोधताना फॅन-विकी उघडू नका. पहिल्याच ओळीत कोण जिंकलं ते कळतं.