नाताळचा गोठा: १२ डिसेंबरला गहू भिजत घाला

नाताळात घरी येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा मांडायचा, तर पेंढा, दिव्यांची माळ, सोनेरी कागद हे सगळं ऐनवेळी ठाण्याच्या जांभळी नाक्याला जाऊन आणता येतं. गोठ्यापुढचं हिरवं गवत घरीच उगवावं लागतं, म्हणून आधी गहू. १२ तारखेच्या रात्री दोन वाट्या गहू भिजत घाला, १३ ला सकाळी पेरा. ठाण्याच्या डिसेंबरात चार-पाच बोटं उंची यायला दहा-बारा दिवस जातात. २० ला आठवण झाली तर गोठ्यासमोर नुसते पांढरे कोंब दिसतील. नोव्हेंबरातच पेरलंत तर नाताळपर्यंत पिवळं पडून लोळेल.

भोकं पाडलेला उथळ ट्रे घ्या, त्यात दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). दाणे शेजारी-शेजारी, एकाच थरात पसरा. थरावर थर दिला की खालचे कुजतात, बुरशी धरते, घरभर आंबूस वास सुटतो. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाका. त्यानंतर जाळी हवीच. ग्रिलमध्ये उघडा ट्रे ठेवला की कबुतरं दुपारपर्यंत दाणा शिल्लक ठेवत नाहीत. पाणी फवाऱ्यानेच, दिवसातून दोनदा. सकाळचं ऊन द्या आणि ट्रे रोज फिरवा, नाहीतर सगळं गवत खिडकीकडे झुकतं. नाचणीचं गवत जास्त नाजूक, देखणं होतं, पण ती दोन दिवस आधी पेरा.

मूर्ती आधीच उघडून बघा. मेंढरांचे पाय हमखास तुटलेले असतात आणि गोंद वाळायला रात्र लागते. बाळ येशू वेगळा, फडक्यात गुंडाळून ठेवा, तो २४ च्या रात्रीच गव्हाणीत जायचा. बाळाला भेटायला येणारे तीन राजे लांबच्या कोपऱ्यात ठेवून रोज थोडे पुढे सरकवा, ते पोहोचतात ६ जानेवारीला. चमकीचा मारा नको. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात गोठा मांडला तो गवत, बैल आणि गाढव एवढ्यावरच, कारण त्याला बेथलेहेमची गरिबी लोकांच्या डोळ्यांसमोर उभी करायची होती. माळ एलईडीचीच लावा, जोड पेंढ्याच्या बाहेर ठेवा. पेंढा क्षणात पेटतो.

बाळ ठेवण्याआधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, ओवी १ ते २०, मोठ्याने वाचायचा. घरातल्या लहानाला वाचायला द्यायचं असेल तर आठवडाभर आधी सराव करून घ्या, ‘क्विरीनिय’ या नावावर सगळे अडखळतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातले मागी लोक, म्हणजे हेच राजे, ६ जानेवारीच्या राजांच्या दिवसासाठी राखून ठेवा.

ताऱ्याचा कंदील, कलकल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ), केक तुम्हाला माहीतच आहे. कलकलचं तेल मध्यम आचेवर. मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ चर्चच्या फलकावर बघून घ्या, दरवर्षी तीच असेल असं धरू नका.

आणि गहू. फोनमध्ये १२ डिसेंबर, रात्री ९ चा गजर आत्ताच लावा.