पाठीवरच्या खाजऱ्या पुटकुळ्या: गोळ्यांनी वाढल्या, शाम्पूने गेल्या

पाठ, छाती, खांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या, सगळ्या एकसारख्या लाल पुटकुळ्या. घाम आला की खाज अनावर. बडोद्यात गरब्याच्या दिवसांत तर विचारूच नका. मुरमांचं क्रीम फुकट गेलं, अँटिबायोटिकने उलट वाढलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पुटकुळी खरवडून केओएच तपासणी (नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) केली. केसांच्या मुळाशी मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, निघालं. ते सगळ्यांच्याच त्वचेवर असतं. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात आणि याला रान मोकळं मिळतं.

त्यांनी सांगितलं तसं: अंग ओलं करून २ टक्के कीटोकोनॅझोल (बुरशीनाशक) शाम्पू पुटकुळ्यांवर लावायचा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा, अंग कोरडं पुसून मगच सैल सुती कपडे. खोबरेलाची मालिश बंद, कारण हे यीस्ट चरबीवरच जगतं. (आईला हे पटवणं सर्वांत अवघड.) आधी खाज थांबली, डाग सावकाश गेले. हे उलटतं, म्हणून शाम्पू अधूनमधून चालूच आहे.