छंदाचे फोटो ऑनलाइन विकताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडे कॅमेरा किंवा बरा मोबाइल हातात आला की पहिला फोटो निघतो तो सिद्धेश्वर तलावाचा, संध्याकाळी, मंदिराचं प्रतिबिंब आणि केशरी आकाश धरून, आणि स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो वापरायचा परवाना विकणाऱ्या वेबसाइटवर, अकाउंट उघडलं की पहिला अपलोडही तोच. फोटो सुंदरच असतो, पण घेणारा कोण ते बघा ना. तो असतो आहारावर लेख लिहिणारा, शेतीच्या कंपनीचं ब्रोशर करणारा डिझायनर, नाहीतर पाठ्यपुस्तक छापणारा, आणि त्याला सूर्यास्त नको असतो, त्याला ज्वारीचं भरलेलं कणीस, फोडलेलं डाळिंब, परातीत भाकरी थापणारे हात, शेंगाचटणी हवी असते. हे सगळं आपल्या घरात आणि रानात पडलंय आणि आपण ते काढत नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. आणि काढताना एका बाजूला थोडी रिकामी जागा सोडा, तिथं त्याला मजकूर टाकायचा असतो.

आता रिजेक्शन, म्हणजे साइटने फोटो नाकारणं. बहुतेक वेळा कारण साधं असतं, फोटो मोबाइलच्या स्क्रीनवर झकास दिसतो पण १०० टक्के झूम केला की डोळ्यावर फोकसच नाही, किंवा सावलीत नुसते दाणे. अपलोड करायच्या आधी कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून कोपरा न् कोपरा बघायची सवय लावून घ्या. दुसरं म्हणजे मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवलेली फाइल टाकू नका, तिथं फोटो दाबून लहान केला जातो, आणि शटरस्टॉक काय किंवा अडोबी स्टॉक काय, ४ मेगापिक्सेलच्या खालचं घेतच नाहीत. कॅमेऱ्यातली मूळ फाइल घ्या, एसआरजीबी या कलर प्रोफाइलमध्ये जेपेग करा. अ‍ॅपमध्ये रंग भडक करून टाकायचा मोहही टाळा, रंग कसा वाढवायचा ते घेणारा स्वतः ठरवतो. आणि एकाच भाकरीचे वीस सारखे फोटो टाकले की सिमिलर कंटेंट म्हणून परत येतात, त्यातले दोन-तीन वेगळ्या अँगलचे निवडा.

पॉवरलूमच्या शेडमध्ये शूट करणाऱ्यांना एक त्रास नेहमी होतो, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो हो! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बऱ्याच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर फार फास्ट ठेवलं की ते लुकलुकणं पट्ट्यासारखं पकडलं जातं. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेवा, पट्टे जातात. मग धोटा थोडा हललेला दिसेल, दिसू दे, माग चालू असल्याचं कळतं. कॅमेरा मात्र मागाला किंवा त्याच्या शेजारच्या खांबाला टेकवू नका, सगळी शेड थरथरत असते. आणि चादरीच्या काठावर कंपनीचं नाव विणलेलं असेल तर तो भाग फ्रेमच्या बाहेर ठेवा, नाहीतर ट्रेडमार्कच्या कारणाने फोटो अडकतो.

माणसांच्या बाबतीत आपण फार ढिले आहोत. विडी वळणाऱ्या मावशींचा चेहरा ओळखू येत असेल तर जाहिरातीच्या वापरासाठी त्यांची सही असलेला मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीपत्र, लागतोच, लहान मूल असेल तर आईवडिलांची सही, आणि अडोबीच्या फॉर्मवर साक्षीदाराचीही. पण सही घ्यायच्या आधी हा फोटो विकला जाणार आहे आणि कुठंही छापून येऊ शकतो हे त्यांना त्यांच्या भाषेत, तेलुगू असेल तर तेलुगूत, नीट समजावून सांगा. नको म्हणाल्या तर विषय संपला, फक्त हातांचा फोटो काढू का म्हणून विचारा.

गड्ड्याच्या यात्रेत एवढ्या गर्दीच्या सह्या कोण घेणार? तिथले फोटो एडिटोरियल म्हणून, म्हणजे जाहिरातीसाठी नाही तर फक्त बातमी-लेखासाठी, द्यायचे. शटरस्टॉक, अलामी घेतात. कॅप्शनमध्ये शहर, देश, तारीख आणि जे घडतंय तेच लिहायचं, म्हणजे मकरसंक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज घेऊन चाललेत, एवढं. आणि एडिटोरियलमध्ये मधे आलेली विजेची तार खोडायची नाही, खोडली की तो फोटो बातमीचा राहत नाही.

कीवर्ड, म्हणजे फोटो शोधताना टाकायचे शब्द, लोक उरकून टाकतात आणि मग म्हणतात, फोटो कुणी बघतच नाही. भाकरी एवढंच लिहिलं तर जर्मनीतल्या डिझायनरला ती कशी सापडणार, तो सॉर्घम, फ्लॅटब्रेड, मिलेट, ग्लूटेन फ्री असं शोधतो. इंग्रजीत लिहा, पण आपलं नावही ठेवा. अडोबीवर क्रमाला महत्त्व आहे, नेमके शब्द पहिल्या दहात घाला. फोटोत नसलेलं काही घालू नका.

पैशाचं स्पष्ट सांगते. शटरस्टॉकवर सुरुवातीला १५ टक्के वाटा, सबस्क्रिप्शनच्या एका डाउनलोडला १० सेंटही येऊ शकतात, आणि विक्रीनुसार वाटा वाढवणारी लेव्हल १ जानेवारीला सगळ्यांची परत पहिल्यापासून. अडोबीवर फोटोला ३३ टक्के. २५ डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळे पहिल्या महिन्यात कर्जाचा हप्ता यातून भरायचं गणित मांडू नका. अमेरिकेच्या टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म पॅन नंबर घालून भरा, न भरल्यास तिथल्या विक्रीवर ३० टक्के कापले जाऊ शकतात, भरला तर भारतासोबतच्या करारामुळे रॉयल्टीवर तो दर १५ टक्के आहे. पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव आणि अकाउंटवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. मिळालेलं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं. आणि या साइटवर फोटो टाकायला एक रुपयाही लागत नाही, रजिस्ट्रेशन फी मागणारा मेसेज आला तर सरळ ब्लॉक करा.

शेवटचं, वेळेचं. संक्रांतीचे फोटो संक्रांतीला टाकून उपयोग नाही, जाहिरातवाले दोन-तीन महिने आधीच शोधत असतात. तिळगूळ, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, सुगडं, हे मागच्या जानेवारीत काढलेलं हार्डडिस्कवर पडलं असेल तर दिवाळीच्या आधी अपलोड करा, नसेल तर तिळगूळ काय, घरात कधीही करता येतो.