उन्हाळी फुलवेली: घ्यायच्या उन्हासाठी, निवडायच्या पाऊस बघून

फेब्रुवारी सरत आला की बेळगावातला पहाटेचा गारठा ओसरतो आणि नर्सरीवाले फुललेल्या वेली पुढे मांडतात. गुलाबी मांडेव्हिला, पिवळा अलामांडा, निळी गोकर्ण. फुलं बघून हात खिशाकडे जातोच. पण साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावाचं ऊन तसं सोसण्यासारखं असतं. वेलींची वाट लागते ती मृगानंतर, जेव्हा पश्चिमेचा वारा आणि दिवसदिवसभराची रिपरिप सुरू होते. म्हणून उन्हाळ्यासाठी वेल घेताना एकच प्रश्न आधी सोडवायचा: जून ते ऑगस्ट ही कुठे राहणार?

आधी जागा बघा

सीमाभाग म्हटला तरी हवा सगळीकडे सारखी नाही. खानापूर, कणकुंबीकडे पावसाला सुमार नसतो. अथणी, रायबागकडे त्याच महिन्यांत आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं. बेळगाव शहर आणि निपाणी या दोन टोकांच्या मधे येतात. त्यामुळे शेजारणीकडे छान आली म्हणून आपल्याकडे येईल, हा हिशेब तालुका बदलला की चुकतो.

नाजूक वेलींना पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळतं, दुपारी भिंतीची सावली पडते आणि पावसाळी वारा घराच्या पाठीवर अडतो. पश्चिमेची गॅलरी असेल तर वेल कुंडीतच ठेवा आणि कुंडी उचलता येईल एवढीच घ्या. गच्चीवर लावणार असाल तर कुंड्या थेट स्लॅबवर नको, दोन विटांवर ठेवा. मे महिन्यात तापलेली फरशी खालून मुळं भाजते, वरून कितीही पाणी घातलं तरी वेल दुपारी मान टाकते.

कोणती वेल कुणासाठी

पहिल्यांदाच लावणार असाल तर गोकर्ण. निळी किंवा पांढरी, एकेरी किंवा डबल, कोणतीही. बी मिळवायला नर्सरीत जायचीही गरज नाही, कुणाच्या तरी कुंपणावर वाळलेल्या शेंगा असतातच. ही शेंगवर्गातली, मुळांवरच्या गाठींतून आपलं नत्र आपणच मिळवते, म्हणून खताचे लाड लागत नाहीत. महाशिवरात्रीच्या सुमारास बी टाकलं तर अक्षय्यतृतीयेच्या आसपास फुलं हाताशी येतात.

कुंडीत, टांगलेल्या टोपलीत काही हवं असेल तर नारिंगी फुलांची, मध्ये काळा डोळा असलेली छोटी थनबर्जिया घ्या. तिला दुपारचं ऊन सोसत नाही, पण बेळगावच्या थंड रात्री मानवतात. मांडेव्हिला मूळची दक्षिण अमेरिकेतली. दिसायला राजेशाही, पण मुळं मांसल असल्याने पाणी साचलं की कुजतात. खानापूर भागात ती वळचणीखालीच जगेल. मला विचाराल तर पहिल्या वर्षी हिच्यावर पैसे घालू नयेत.

जमिनीत जागा आणि भक्कम कमान असेल तर मधुमालती. संध्याकाळी कळी उमलते तेव्हा फूल पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबतात, आणि वास मात्र रात्रीच खरा. कुंडीत लावायचीच असेल तर अठरा इंची किंवा अर्धा ड्रम घ्या. त्याहून लहानात ती पानंच देत बसते.

कृष्णकमळ लावणार असाल तर एक तडजोड मनाशी ठरवून ठेवा. नारिंगी रंगाचं एक फुलपाखरू याच वेलीवर अंडी घालतं आणि त्याच्या काटेरी, तांबूस सुरवंटांची टोळी काही दिवसांत अख्खी फांदी बोडकी करते. वेल मरत नाही, पुन्हा फुटते. फुलपाखरं आवडत असतील तर कानाडोळा करा, नाहीतर सुरवंट काडीने डबीत गोळा करून लांब सोडा. फवारणीची घाई नको.

अथणी, गोकाककडच्या कोरड्या उन्हात गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल आणि बोगनवेल निर्धास्त लावा. आइसक्रीम वेल जमिनीत कंद धरते आणि एकदा बसली की हटत नाही, तेव्हा शेताच्या बांधावर मात्र नको. जाई आणि जुईबद्दल वेगळं सांगायला नको, गजरा आवडणाऱ्या घरात त्या असतातच. गणेशवेलीची बारीक लाल फुलं उन्हाळ्यात मागू नका. तिचा खरा बहर श्रावण-भाद्रपदातला, बी मेअखेरीस टाका.

लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरात कळलावी लावू नये. तिचा कंद जीवघेणा विषारी असतो. अलामांडा आणि मांडेव्हिलाचा पांढरा चीकही अंगावर घेऊ नये, छाटताना हातमोजे घाला.

आधार वेलीच्या आधी

सर्वांत जास्त वेली इथे फसतात. बाजारातून जाड पाइप आणून उभा केला आणि वेल त्याला चढेना, ही तक्रार नेहमीची. प्रत्येक वेलीची चढायची रीत निराळी. गोकर्ण, मांडेव्हिला, गणेशवेल या खोडानेच गुंडाळत चढतात. त्यांना करंगळीएवढी काठी किंवा सुतळी पुरते, मनगटाएवढा पाइप त्यांच्या कवेत येत नाही. कृष्णकमळाला आणि आइसक्रीम वेलीला तणावे (आधाराला विळखा घालणारे बारीक तंतू) असतात, त्यांना बारीक तार किंवा जाळी लागते. बोगनवेल आणि अलामांडा स्वतःहून काहीच धरत नाहीत, त्यांना बांधावंच लागतं. बांधताना सुतळीचा आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. तारेने आवळलेली फांदी जाड झाली की तार खोडात रुतते.

कुंडीसाठी बांबूच्या तीन-चार कामट्या कडेने खोचून वर एकत्र बांधल्या की झालं. हे काम बी टाकायच्या दिवशीच करा. वेल वाढल्यावर कामट्या खोचायला गेलं की मुळं तुटतात, आणि एप्रिलमधल्या वळवाच्या एका सोसाट्यात बिनआधाराची वेल लोळण घेते. पश्चिमेच्या वाऱ्यात मांडव भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, म्हणजे वारा मागून निघून जाईल आणि भिंतीची ओल पानांना लागणार नाही.

माती, कुंडी, बी

बेळगाव-खानापूरची तांबडी माती कुंडीला चांगली, पण नुसती वापरली की दगडासारखी बसते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. चिकोडी, अथणीकडची काळी माती शक्यतो कुंडीत भरू नका. उन्हात ती आकसून कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. दुसरी माती मिळत नसेल तर निम्मी वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) ओळखीने मिळते, पण वर्षभर कुजलेलीच घ्या. ताजी मळी कुंडीत गरम होते.

गोकर्णासाठी बारा इंची कुंडीत दोन रोपं पुरेत. बी कठीण असतं. सॅंडपेपरवर एक-दोनदा घासून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते अर्धा इंच खोल टोचा, न फुगलेलं पुन्हा घासा. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, मन घट्ट करून. त्याशिवाय फुटवे येत नाहीत आणि वेल एकसुरी उंच जाऊन वरच चार फुलं देते.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येतंच असं नाही, म्हणून मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच जाड पसरा. बोट मातीत दोन पेरं खोल घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नको. कोरडं असेल तर सकाळी आठच्या आत, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडण्याने मुळं वरच्या वर राहतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या कडेला क्षाराची पांढरी खपली धरते. पहिल्या वळवाचं पाणी कुंडीला पोटभर लागू द्या, त्याने तो क्षार बराच धुऊन जातो.

पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरतं. वेल पानांनी गच्च आणि फूल एकही नाही, असं झालं की युरिया किंवा जास्तीचं शेणखत पडतंय असं समजावं. गोकर्णाच्या हिरव्या शेंगा तोडत राहा. एकदा बी धरायला लागली की ती फुलं आटोपते. बियाण्यासाठी शेवटच्या चार शेंगा ठेवल्या की झालं.

मे महिन्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळं दिसलं तर ते लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. दोन-तीन दिवस सलग मारला की आटोक्यात येतात. मावा, पिठ्या ढेकूण असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. निपाणीकडे तंबाखूचा काढा मारायची जुनी पद्धत आहे. फुललेल्या वेलीवर तो मारू नका, मधमाश्याही मरतात आणि फवारणाऱ्यालाही बाधतो.

मृगापासून पुढे

पाऊस लागायच्या आधी पाचट काढा, कुंड्यांखालच्या ताटल्या उचला आणि मांडेव्हिला वळचणीखाली न्या. मधुमालतीची लांब लोंबलेली टोकं कापा, वाऱ्यात तीच आधी मोडतात. गोकर्ण पावसातही फुलत राहते, फक्त पाणी साचू देऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत जाई-जुईची छाटणी करून पाणी कमी करा. मांडेव्हिला त्या थंडीत वाढ थांबवते, आठवड्यातून एकदाच पाणी द्या आणि छाटणी मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबवा. नव्या फुटीवरच तिला फुलं येतात, आणि ती फूट थंडी संपल्यावरच जोर धरते.