बैलाचे पाय का मोडतात? बालवाडीत चित्रं-मातीकाम करताना या चुका टाळा

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या बालवाडीत दरवर्षी रडारड ठरलेली. सकाळी मातीचे बैल करायचे, ओळीनं उन्हात ठेवायचे आणि दुपारी बघावं तर निम्मे बैल पाय मोडून आडवे. "बाई, माझा बैल मेला." चार वर्षांच्या लेकराला यावर काय सांगणार? पहिली दोन वर्षं मला वाटायचं, यांची बोटंच अजून तयार नाहीत. पण खोट बोटांत नव्हती, मातीत होती. आणि ती माती शेताच्या बांधावरून मीच आणली होती.

आपली मराठवाड्याची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आवळते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. बैलाच्या अंगातही तेच होतं. पाय बारीक, ते आधी वाळून आवळतात. पोट जाड, ते आतून ओलंच राहतं. मग दोन्हींच्या सांध्यावर तडकतं. उन्हात ठेवलं तर आणखी लवकर. जुन्या माणसांनी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, काळी माती कधी टाकली नाही, पांढरीच टाकली, ती काही उगीच नाही.

म्हणून पांढरी माती मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर दोन वाट्या काळ्या मातीत एक वाटी बारीक चाळलेली वाळू आणि मूठभर गव्हाचं भुसकट घाला. अजिंठ्याच्या चित्रांखालचा मातीचा गिलावाही भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवूनच केलेला आहे, तेव्हा ही युक्ती काही माझी नाही. माती आदल्या रात्री भिजवून, मळून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा. सकाळी मळून लगेच लेकरांच्या हातात दिली तर आत कोरडे खडे राहतात आणि बैल तिथंच फुटतो.

पाय वेगळे करून चिकटवू नका, पोटाच्या गोळ्यातूनच ओढून काढायला शिकवा. आखूड आणि जाडजूड. चिकटवायचेच असतील तर दोन्ही बाजू काडीनं ओरखडा आणि मध्ये पातळ चिखल लावा. मजबुतीसाठी पायात तुराटीची (तुरीच्या वाळल्या झाडाची) काडी घालायची सवय बऱ्याच जणींना असते, मलाही होती. ती सोडा. माती आवळते, काडी आवळत नाही, आणि तडा बरोबर काडीच्या कडेनं जातो. बैल सावलीत, वर वर्तमानपत्र टाकून दोन-तीन दिवस वाळू द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल करायला घेणं हीच मुळात चूक, कारण श्रावणाच्या ओल्या हवेत ते रंगवण्याइतके वाळतच नाहीत.

एवढं करूनही मोडला तर? पूर्ण वाळलेला बैल पाण्याच्या बादलीत सोडा आणि लेकरांना भोवती बसवा. बुडबुडे येतात, अंगाचे पापुद्रे सुटतात, बघता बघता बैल खाली बसतो. दुसऱ्या दिवशी त्याचीच माती, त्याचाच नवा बैल. आमच्याकडे आता काही पोरं बादलीसाठीच बैल करतात.

भेंडीचा ठसा उमटत नाही, नुसता डाग पडतो

ही तक्रार लेकरांच्या आया फार करतात. रंग पाण्यासारखा पातळ केलेला असतो आणि भेंडी चिरल्या चिरल्या त्यात बुडवलेली असते. भेंडी चिरून दहा मिनिटं कापडावर पालथी ठेवा, चिकटपणा थोडा उतरतो. रंग दह्याइतका घट्ट हवा. ताटलीत जुन्या कापडाची चौपदरी घडी ठेवून तिच्यावर रंग पसरा आणि भेंडी बुडवण्याऐवजी त्या घडीवर टेकवा. कोवळी भेंडी दाबली की चेपते. भाजीला नको असलेली निबर भेंडी इथं कामाची. तिचं बहुतेक पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. कांदा घेऊ नका, त्याच्या चकत्या निसटतात.

सगळं शेवटी मातकट होत असेल तर एकावेळी बारा रंग पुढं ठेवणं थांबवा. आज पिवळा-निळा, उद्या लाल-पिवळा, बस. हिरवा नाहीतर नारिंगी रंग तयार झाला की पोरं स्वतःच ओरडून सांगतात.

हळदीच्या पाण्यानं कागद रंगवून वाळवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून त्यावर रेघा ओढू द्या. रेघा तांबड्या होतात. सोड्याऐवजी चुना घ्यायचा मोह होतो, कारण हळदीत चुना पडला की लाल होते हे घराघरात माहीत आहे. पण लहान लेकरांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हळदीचं चित्र उन्हात टांगलं की फिकं पडतं, हेही आयांना आधीच सांगून ठेवा.

खळ

कागद चिकटवायच्या खळीला एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवून मग शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात. एप्रिल-मे मध्ये खळ दुसऱ्या दिवशी आंबते आणि मुंग्या लागतात. टिकावी म्हणून पूर्वी कुणी कुणी तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, आणि लेकरं खळ चाटतातच. रोज ताजी करा.

धान्याची चित्रं: इथं मात्र हयगय नको

जूनमध्ये पेरणी झाली की घरात बियाणं उरतं. गुलाबी, निळं, दिसायला फार गोजिरं. एकदा एक आजी मोठ्या हौसेनं ओंजळभर गुलाबी सोयाबीन घेऊन आल्या, "लेकरायला चिटकवायला होईल." तो रंग म्हणजे बियाण्याला चोळलेल्या औषधाची खूण असते. त्याला हातही लावू देऊ नका. गुंजा आणि एरंडाच्या बियाही विषारी, त्या कितीही देखण्या असल्या तरी नकोत. तीन वर्षांखालच्यांना तर धान्य देऊच नका. हरभरा नाकात गेला की ओलीनं फुगतो; अशा वेळी पिनेनं टोकरत न बसता थेट दवाखाना गाठा.

खडूचं थोडक्यात: तीन वर्षांचं लेकरू खडू मुठीत धरतं आणि ते बरोबरच आहे. फार टोकू नका. खडूचे तुकडे करून दिले तर बोटं आपोआप चिमटीत येतात. कागद सरकत असेल तर चारी कोपरे चिकटपट्टीनं जमिनीला लावा; "नीट धर" असं दहादा म्हणण्यापेक्षा ते सोपं.

मोठ्या माणसांच्या हाताचं काय करायचं, हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही. बैलाचं शिंग वाकडं दिसलं की माझा हात जातोच. गेल्या पोळ्याला एक पोरगी नुसता लांबट गोळा करून बसली होती, शिंगं लावलेली, पाय एकही नाही. मी माती घेऊन पाय ओढायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"बाई, तो बसलाय. रवंथ करायलाय."