पूर येण्याआधी डिझेलचं बॅरल

मृग निघायच्या आत, म्हणजे मेअखेरीलाच, डिझेलचं काम उरकून टाकायचं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका. हे आकडे मोबाइलवर फिरायला लागले की पंपावर रांग लागलीच म्हणून समजा. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला. मग टँकर यायचा कुठून? आणि जित्राबं हलवायला ट्रॅक्टर तर पाहिजेच.

घराला 200 लिटरचं एक बॅरल पुष्कळ झालं. डिझेल एका जागी 2500 लिटरपर्यंत, आणि एकही भांडं 1000 लिटरहून मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. पण मुभा आहे म्हणून भरून ठेवण्यात शहाणपण नाही. सहा महिने ते वर्ष, त्यापुढे डिझेल जुनं व्हायला लागतं. पंपावाले बॅरल भरून द्यायला खळखळ करतात, तेव्हा आधी विचारून ठेवा.

बॅरल घेताना आत पूर्वी काय होतं ते विचारायचं. तणनाशकाचं किंवा मळीचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. आतून जस्ताचा मुलामा असलेलंही नको, तांब्या-पितळेची नळी-तोटीही नको. या धातूंनी डिझेल बिघडतं आणि फिल्टर चोंदतो. साधं लोखंडी, आतून गंज नसलेलं, बुचाचं वायसर शाबूत असलेलं बघा. आणि जुनं बॅरल रिकामं आहे म्हणून त्याला वेल्डिंग लावू नका. आत उरलेली वाफच भडकते.

आता माझी चूक सांगतो. 2021 ला बॅरल भरून वळचणीला उभं केलं होतं. पागोळ्यांचं पाणी वरच्या पत्र्यावर काठापर्यंत साचायचं, मी रोज बघायचो आणि बूच घट्ट आहे म्हणून निर्धास्त. दिवसा पत्रा तापून आतली हवा फुगते, रात्री गार पडली की आक्रसते आणि बुचाच्या आट्यांतून वरचं पाणी थेंब थेंब आत ओढते. हे मला मिस्त्रीने नंतर सांगितलं. म्हशी ट्रॉलीत चढवल्या आणि ट्रॅक्टर वेशीपाशी गचके खात बंद पडला. फिल्टरची वाटी सोडली तर खाली दोन बोटं पाणी आणि वर शेवाळासारखी काळी बुळबुळ. पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथेच ही बुरशी धरते. पाणी नसेल तर तिला जगता येत नाही.

तेव्हापासून बॅरल छपराखाली, एका अंगाला वीट सारून जरा कलतं. दोन्ही बुचं उताराच्या आडव्या रेषेत, म्हणजे वर पाणी आलंच तरी ते खालच्या काठाला जमतं, बुचं कोरडी राहतात. आतलं पाणीही त्याच बाजूला तळाशी बसतं. म्हणून हातपंपाची नळी उंच बाजूकडे झुकवून घाला आणि तळापासून चार बोटं वर ठेवा. उन्हाने डिझेल फुगतं, त्यासाठी वर थोडी जागा राहू द्या. पण अर्धं रिकामं बॅरल पावसाळाभर ठेवू नका, मोकळ्या पत्र्याला आतून दव धरतं.

जागा गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि मोटारीच्या स्टार्टरपासून लांब. जवळ वाळूची बादली. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारलं तर आग पसरते. आणि एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही: डिझेल पाण्याहून हलकं, म्हणून काठोकाठ भरलेलं बॅरलसुद्धा पुरात तरंगतं. उंच ओट्यावर ठेवा आणि तरीही साखळीने खांबाला बांधा.

पंधरवड्यातून एकदा तळातलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवायचं. खाली पाण्याचा थर दिसला तर आधी ते काढून घ्या. गढूळ असेल किंवा कुजका वास असेल तर इंजिनात घालू नका. काढताना नळी तोंडाने ओढायची जुनी खोड सोडा. एक घोट फुप्फुसात गेला तर थेट दवाखाना. पोटात गेलाच तर उलटी काढायला जाऊ नका.

दसऱ्यानंतर उरलेलं ट्रॅक्टरमध्ये संपवून टाकायचं. तळातलं शेवटचं पाच-सहा लिटर मात्र वेगळ्या कॅनमध्ये.