दमट हवेत रेकॉर्डची कव्हरं कशी जपावीत

कोकणात जुन्या रेकॉर्ड शोधायच्या तर आधी माळ्यावर चढा. गिरगाव-परळच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना आणलेल्या रेकॉर्ड आमच्या मालवण-देवगडकडे अजून कितीतरी घरांत पडून आहेत. विचारायला मे महिना बरा. पावसाळ्याआधीची आवराआवर चाललेली असते आणि मुंबईची माणसंही गावात असतात.

रेकॉर्ड हातात आली की मी आधी कव्हर नाकाशी नेते. कुबट वास आला तर बुरशी पुठ्ठ्यात मुरलीय. कागद कुरतडून पातळ झाला असेल तर कसर लागलीय. पण अर्धं खाल्लेलं कव्हरही फेकू नका. 78च्या तबकडीचं, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डचं, ते खाकी पाकीटच घ्या. मध्ये गोल भोक आणि त्यावर रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानाचं नाव नि पत्ता. आजोबांच्या एका पाकिटावर पेन्सिलीने पाच-पाच रेघांचे गट आहेत. ग्रामोफोनला दर वेळी नवी पिन लावायची, त्याचा तो हिशोब. हे तबकडीवर कुठे सापडणार?

लाँग प्ले म्हणजे नंतर आलेली प्लास्टिकची रेकॉर्ड. तिचं कव्हर बारा इंची, म्हणजे चित्राला चांगली ऐसपैस जागा. गायकाच्या फोटोपेक्षा मला त्यावरची हाताने रेखलेली अक्षरं जास्त आवडतात. मागे खालच्या बाजूला बारीक अक्षरात ‘डमडम’ दिसलं तर ती कलकत्त्याच्या कारखान्यातली. पुढचं चकचकीत प्लास्टिक दमटपणाने सुटतं. ते ओढून काढू नका, खालची शाईही निघून येते.

बुरशी झटकायची ती पडवीत, तोंडाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने. खळ्यातल्या उन्हात काही ठेवू नका. चित्राचा रंग उडतो आणि लाँग प्ले वाकते.

एकदा मी 78ची तबकडी स्पिरिटने पुसली. मिनिटभरात तिची चकाकी कापसावर काळी होऊन उतरली. त्या तबकड्यांत लाख असते, बांगड्यांची तीच, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ती बाजू कायमची गेली, आजही वाईट वाटतं. आता ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करते. लाँग प्लेला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. फक्त मधलं लेबल भिजू देऊ नका.

रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर ओल आत कोंडते. माझ्या कपाटात मिरगापासून तळच्या कप्प्यात झिरोचा बल्ब जळतो, रेकॉर्ड दोन कप्पे वर. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की सगळी कव्हरं पुन्हा पडवीत येतात. एकेक नाकाशी धरते, मगच परत लावते.